विहिरीत पाणी आहे, नळाला जोर नाही? मोटर बदलण्याआधी काटा बघा

प्रश्न: विहिरीत पाणी आहे, मोटर चालते, पण घरातल्या नळाला आणि गोठ्याच्या लाइनला पूर्वीचा दाब राहिला नाही. दुकानदार दीडपट हॉर्सपॉवरची मोटर घ्या म्हणतो. घ्यावी का?

उत्तर: घेऊ नका. दाब पडल्याच्या तक्रारीवरून मी जिथे जिथे गेलो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी मोटर छोटी नव्हतीच. काल पुरत होती ती आज अपुरी कशी झाली, हे आधी दुकानदारालाच विचारा.

पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज (दाब दाखवणारा काटा) आणि त्याच्या पुढे लाइन बंद करायचा गेट वॉल्व्ह, एवढं तरी प्रत्येकाच्या विहिरीवर हवंच. मोटर चालू करून वॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि काटा वाचा. अर्ध्या मिनिटाच्या वर बंद ठेवू नका, आतलं पाणी तापतं. 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 किलो दाब (दर चौरस सेंटीमीटरला). समजा, पंपाच्या पत्रकात बंद वॉल्व्हचं हेड, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवू शकतो ते, 60 मीटर दिलंय आणि पाणी काट्यापासून 25 मीटर खाली आहे. मग काट्यावर साडेतीनच्या आसपास दिसायला हवं. तेवढं दिसलं तर पंप ठणठणीत आहे. दोष पुढे शोधा: गाळणी तुंबली असेल, जुन्या लोखंडी पाइपात गंज धरला असेल, वॉल्व्ह अर्धवट उघडत असेल किंवा जमिनीखाली लाइन फुटली असेल. गाळणीच्या आधी आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोचा फरक पडला की ती धुवायला आली समजा.

काटा दोनवरच अडकला तर पंपाकडे वळा. रेतीने इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजतो, विहिरीतून पाणी वर आणणारा कॉलम पाइप सांध्यात गळतो, मोटर चालू असताना व्होल्टेज पडतं. थ्री-फेज मोटर रिवाइंडिंगहून आली आणि दाब गेला असेल तर ती बहुधा उलटी फिरत असणार. वीज तोडून तीन फेजपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा, काम झालं. मोनोब्लॉकवर (मोटर आणि पंप एकत्र असलेला, विहिरीबाहेर बसवलेला पंप) काटा थरथरत असेल तर सक्शनमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपात, हवा शिरतेय. सांध्यावर ग्रीस लिंपा. थरथर थांबली तर हवा तिथूनच येत होती. आणि पाणी 25 वरून 32 मीटरवर गेलं असेल तर 0.7 किलो दाब तिथेच गेला, त्यात मोटरचा दोष नाही.

मोठी मोटर बसवली तर काय होतं? झरा तेवढाच, उपसा जास्त. पाणी झपकन खाली जातं, पंप हवा आणि रेती ओढतो, नवा इम्पेलरही झिजतो. बारीक केबल तीच ठेवली तर व्होल्टेज आणखी पडतं. पुन्हा सांगतो, मोठी मोटर नको.

दुसरा घातक सल्ला प्रेशर स्विचचा (दाबानुसार मोटर आपोआप चालू-बंद करणारा स्विच) स्क्रू आवळण्याचा. एका शेतावर विक्रेत्याच्या सांगण्यावरून तो इतका आवळला होता की पंप तेवढा दाब कधी देऊच शकत नव्हता. मोटर बंदच होईना, शेवटी वाइंडिंग जळलं. स्क्रूला हात लावू नका. मोटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर प्रेशर टाकीतली हवा तपासा, पण टाकी भरलेली असताना नाही! तेव्हाचं माप खोटं असतं. वीज तोडा, टाकी रिकामी करा, मग हवा मोजा. मोटर 20 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं इंग्रजी माप) चालू होत असेल तर टाकीत हवा 18 पीएसआय हवी. हवेच्या वॉल्व्हमधून पाणी आलं तर आतला फुगा फाटलाय, हवा भरत बसू नका.

 

पुन्हा लिहाल तेव्हा तीन आकडे कळवा: बंद वॉल्व्हचा दाब, पाण्याची खोली आणि मोटर चालू असतानाचं व्होल्टेज. नुसतं ‘दाब कमी आहे’ लिहिलंत तर मी उलट हेच तीन आकडे विचारणार.