गाडीतला फ्रिज गारच होत नाही

प्रश्न : जुन्या ट्रॅव्हलरमध्ये आम्ही झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. ओट्याखाली १२ व्होल्टचा ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आहे. डिसेंबरात उत्तम चालला. मे महिन्यात गुहागरला मात्र आतलं तापमान ११ अंशांखाली येईना, कॉम्प्रेसर रात्रभर थांबला नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली. कपाटाच्या दाराला एक इंचाची चार भोकं पाडली, मागे कॉम्प्युटरचा पंखा लावला, तरी फरक नाही. गॅस भरून घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी फ्रिज ओट्याखालून बाहेर काढा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवून सावलीत चार-पाच तास चालवा. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबू लागला, तर खोट कपाटात आहे. बाहेरही तो अखंड धावत राहिला, तरच वायर, दाराचं रबर आणि शेवटी गॅस, या क्रमाने बघा.

तुमच्या वर्णनावरून आमचा संशय कपाटावरच आहे. एक इंची चार भोकं मिळून जेमतेम २० चौरस सेंटिमीटर होतात. लागतात साधारण २०० खाली आणि तितकेच वर. शिवाय जाळीच्या पट्ट्या बरीच जागा खातात, म्हणून २० बाय १० ची नव्हे, २० बाय १५ सेंटिमीटरची जाळी घ्या. सगळी भोकं दारालाच असल्याने गरम हवेला वर निघायला वाट नाही. पंखा तीच हवा घुसळत बसतो, वर बॅटरीही खातो.

खालची जाळी दाराच्या तळाशी बसवा. गाडीच्या फरशीला भोक पाडून हवा घेऊ नका. सायलेन्सरची धग आणि रस्त्याची धूळ दोन्ही आत येतील. वरची जाळी ओट्याच्या मागच्या कडेला, भिंतीलगत. आता मुख्य काम : फ्रिजच्या दोन्ही कडा आणि कपाट यांच्यातल्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा, म्हणजे आलेली हवा कंडेन्सरमधूनच (फ्रिजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीतूनच) जाईल. ही पट्टी लोक हमखास विसरतात आणि मग जाळी मोठी करूनही गरम हवा बाजूने फिरून पुन्हा पुढे येते. नीट जमलं का ते थर्मामीटरने तपासा. गाडीतली हवा ३४ अंश आणि कंडेन्सरमध्ये हवा शिरते तिथे ४२, असं दिसलं तर कुठेतरी फट राहिली आहे.

पंखा वरच्या जाळीशी, हवा बाहेर फेकणारा असावा. दिशा चौकटीवरच्या बाणावरून कळते. सेकॉप बीडी३५ जातीचा कॉम्प्रेसर असेल तर पंखा थेट बॅटरीला न जोडता कंट्रोलरच्या (कॉम्प्रेसर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) ‘एफ’ टर्मिनलवर घ्या, म्हणजे कॉम्प्रेसरबरोबरच चालू-बंद होईल. तिथे सगळे पंखे मिळून अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवा. ही गरम हवा शेवटी गाडीतच येते, तेव्हा रात्री छताची झडप बोटभर तरी उघडी असू द्या.

जादा थर्माकोल लावायचा मोह होईल. त्याआधी पंधरा मिनिटं फ्रिज चालवून बाजूंना हात लावा. काही फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी पत्र्याच्या आतच असते. जी बाजू कोमट लागेल ती झाकलीत तर फ्रिजचा श्वासच कोंडाल.

वायरही मोजून घ्या. पाच मीटर अंतरावर १.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट हरवतात. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.१५. व्होल्टेजचं मोजमाप कॉम्प्रेसर चालू असताना, फ्रिजच्या टर्मिनलवरच करा. बंद असताना सगळं छान दिसतं.

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट असा तिन्हींवर चालणारा फ्रिज आहे. जुलैत इटलीत दही दोन दिवसांत आंबट झालं. वरचे उपाय लागू पडतील का?

उत्तर : एक अजिबात नाही : जाळ्या गाडीच्या आत काढू नका. हा अमोनियाचा फ्रिज. गॅसवर असताना मागे ज्योत पेटलेली असते आणि तिचा धूर राहत्या जागेत येता कामा नये. मागची पोकळी आतून पूर्ण सीलबंद हवी आणि दोन्ही जाळ्या बाहेरच्या भिंतीला.

वरच्या कंडेन्सरच्या धातूच्या पात्यांमागे तळहात मावेल एवढी फट असेल तर हवा तिथूनच निसटते. ॲल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा लावून ती २ सेंटिमीटरच्या आसपास आणा. त्याखाली १२ सेंटिमीटरचे दोन पंखे, वर फुंकणारे, ४० अंशांना चालू होणाऱ्या थर्मोस्टॅटवर जोडा, ज्योतीपासून लांब. हिवाळ्यातली झाकणं अजून जाळीवर असतील तर आधी ती काढा. कॅरॅव्हॅन सपाट उभी करा, कारण आतला द्रव फक्त उतारावरच वाहतो, आणि शक्य तिथे सावलीकडे फ्रिजची बाजू ठेवा. १२ व्होल्ट फक्त चालत्या गाडीत वापरा; उभ्या गाडीत तो काही तासांत बॅटरी संपवतो.