लीक झालेली गोपनीय सरकारी कागदपत्रं कोर्टात चालतात का?
हो चालतात, 'सीक्रेट'चा शिक्का आहे किंवा चोरून बाहेर आलीत एवढ्यावरून कोर्ट ती बाजूला टाकत नाही. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या वादावेळी संरक्षण खात्यातल्या नोट्स 'द हिंदू'त छापून आल्या आणि कोर्टापुढे ठेवल्या गेल्या, तेव्हा सरकारी वकील म्हणाले कागद चोरीला गेले, ते विचारात घेऊ नका (दोनच दिवसांनी म्हणे चोरी नाही, झेरॉक्स!), पण १० एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने तो आक्षेप उडवून लावला, कारण १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमध्ये असे कागद कोर्टापुढे ठेवायला सरकारने रोखावं असं कलमच नाही, वर माहिती अधिकाराचं कलम ८(२) आहेच, जनहित मोठं असेल तर गोपनीय माहितीही देता येते. फक्त कागद बाहेर काढणाऱ्यावर त्याच ॲक्टखाली केस होऊ शकते, तिथे हा निकाल ढाल नाही.