'हॉटेल कॅलिफोर्निया' या गाण्याचा खरा अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा: "ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' कितीदा तरी ऐकलं. एक मित्र म्हणतो ते सैतानाच्या पंथावर आहे, दुसरा म्हणतो वेड्यांच्या इस्पितळावर. खरं काय? आणि रॉक गाण्यांचा अर्थ लावायचा तरी कसा?"

दोघेही चुकताहेत, आणि चुकण्याचं कारण एकच आहे. गाण्यातले साधे शब्द नीट न वाचता दोघं थेट गुपितावर पोचले. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो काळा होता की तांबडा, असं आपण विचारत नाही. काम-क्रोधाचा विंचू, हे भारूडच सांगतं. इंग्रजी गाणं आलं की मात्र ते हॉटेल कुठल्या रस्त्यावर आहे याचा शोध सुरू होतो.

आधी शब्द. पुण्यात हॉटेल म्हणजे मिसळ आणि चहा. गाण्यातलं हॉटेल म्हणजे आपलं लॉज. वाळवंटातून रात्री गाडी हाकत आलेला एक माणूस डोळे जड झाले म्हणून मुक्कामाला थांबतो. शेवटची ओळ म्हणते, 'चेक आउट' कधीही करा, पण जाता येणार नाही. ते 'चेक आउट' लॉजचं आहे: हिशेब चुकता करून खोली सोडणं. अमेरिकन बोलीत त्याच शब्दाचा मरणं असाही अर्थ होतो. म्हणजे हिशेब करा, हवं तर जीव द्या, सुटका नाही. एवढं कळलं की त्या ओळीचा धाक वाढतो.

सुरुवातीच्या वाऱ्यावर 'कोलिटास'चा वास येतो. स्पॅनिशमध्ये कोला म्हणजे शेपूट, कोलिटा म्हणजे इवलंसं शेपूट, आणि मेक्सिकन बोलीत गांज्याचे तुरे. 'ऑन आइस' म्हणजे शॅम्पेनमध्ये बर्फाचे खडे टाकलेले नाहीत, बाटली बर्फात गार करायला ठेवली आहे. 'डिव्हाइस' म्हणजे यंत्र नाही. 'आपल्या डिव्हाइसचे कैदी' म्हणजे स्वतःच रचलेल्या जाळ्यात अडकलेले. मर्सिडीजच्या ओळीत 'बेंझ'च्या जागी 'बेंड्स' आहे. उच्चार जवळजवळ तोच, पण बेंड्स हा पाणबुड्यांचा आजार, खोल पाण्यातून झपाट्यानं वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात तो. अशी श्लेषाची जागा ऐकताना निसटते, म्हणून शब्द छापील पाहावेत.

आता मुख्य ओळ, जिच्यावरून पुण्यातल्या कट्ट्यांवर मी सगळ्यात जास्त भांडलो आहे. तो माणूस कॅप्टनला हाक मारून वाइन मागवतो. हा कॅप्टन जहाजावरचा नाही. पुण्यात परमिट रूममध्ये किंवा एसी सेक्शनमध्ये वही-पेन घेऊन ऑर्डर घ्यायला येतो, तोच हा, वेटरांच्या वरचा. तो उत्तर देतो की ते स्पिरिट आमच्याकडे १९६९पासून नाही.

इथे हुशार मंडळी चूक पकडतात. वाइन आंबवून होते. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, अल्कोहोल साधारण १४-१५ टक्क्यांवर गेलं की यीस्टच मरतं आणि काम थांबतं. स्पिरिट ऊर्ध्वपातन करून काढतात. रम, व्हिस्की, ब्रँडी त्यात येतात आणि अल्कोहोल साधारण ४० टक्क्यांच्या आसपास असतं. तेव्हा वाइनला स्पिरिट म्हणणं चूक, गीतकाराला दारूतलं कळत नव्हतं, असा निष्कर्ष. २००९ साली एका अमेरिकी दैनिकाच्या समीक्षकानं ईगल्सचा गायक आणि या गाण्याचा एक गीतकार डॉन हेन्ली याला हेच विचारलं होतं. हेन्लीनं सांगितलं की हा फरक त्याला चांगला ठाऊक आहे, ओळ पेयाबद्दल नाहीच, ते सामाजिक-राजकीय विधान आहे. त्यानं सांगायची गरजही नव्हती. पाहुण्यानं पेय मागितलं आणि कॅप्टननं चैतन्याबद्दल उत्तर दिलं. प्रश्न एका गोष्टीचा, उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं, आणि दोन्ही एकाच 'स्पिरिट' या शब्दात, ज्याचा एक अर्थ कडक दारू आणि दुसरा चैतन्य. कॅप्टनला चुकीचा शब्द वापरायला लावल्याशिवाय हे जमलं नसतं. चूक नाही, तीच तर कारागिरी आहे.

मराठीत आणायची तर 'स्पिरिट' तसंच ठेवून भागत नाही. आपल्याकडे त्या शब्दाला इंजेक्शनच्या बोळ्याचा वास येतो. मला 'कैफ' जवळचा वाटतो: "तो कैफ इथं एकोणसत्तरनंतर नाही, साहेब." कैफ दारूचाही असतो आणि दिवसांचाही.

मग एकोणसत्तरच का? ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉक झालं, प्रेम आणि शांततेच्या पिढीचा सगळ्यात गाजलेला संगीत-मेळा. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीनं खून पाडले. ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातच ऑल्टमाँटच्या फुकट जलशात, रोलिंग स्टोन्स वाजवत असताना, मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या तरुणाला भोसकून मारलं. स्वप्न एका वर्षात चढलं आणि उतरलं. गाण्याचा अल्बम आला डिसेंबर १९७६मध्ये, म्हणजे कॅप्टन सात वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल बोलतोय. त्या सात वर्षांत त्या संगीताचा धंदा झाला, पैसा आला, कोकेन आलं, आणि ईगल्स स्वतः त्या धंद्याच्या शिखरावर बसले होते. हेन्लीनं या गाण्याला निरागसतेकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास म्हटलं आहे, अमेरिकन चंगळीची काळी बाजू म्हटलं आहे. शब्दांत तेवढंच आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

आता सूर, कारण 'शब्द गाणाऱ्यानं बघावेत, आपण कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ) बघावेत' ही गिटार क्लासमधली शिकवण मला अजिबात मान्य नाही. कोथरूडमधल्या एका क्लासच्या मास्तरांशी यावरून माझा जुना वाद आहे, आणि तो मिटलेला नाही.

कडव्याचे आठ कॉर्ड: बी मायनर, एफ शार्प सेवन, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प सेवन. जोड्या पाडा. बी मायनर-एफ शार्प, ए-ई, जी-डी: प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा एक सूर खाली. तीन पायऱ्या उतरून होतात, चौथ्या जोडीत ई मायनर येतो आणि एफ शार्प सेवन तुम्हाला उचलून परत पहिल्या पायरीवर ठेवतो. पेटीवर पाहा, बीला सा धरा. एफ शार्प सेवनमध्ये शुद्ध निषाद आहे, तो 'सा'कडे ओढतो, आणि फेरी नेमकी त्या ओढीवरच संपते. 'सा'वर कधीच संपत नाही. ध्रुवपदही त्याच एफ शार्पवर थांबतं. खोली सोडता येईल पण जाता येणार नाही, ही शेवटची ओळ ई मायनरवर सुरू होते आणि 'जाता येणार नाही' हे शब्द त्या एफ शार्पवर पडतात. कान सा मागतो आणि मिळते पुढची फेरी.

एकोणसत्तरची ओळसुद्धा अशीच पाहा. तो आकडा ई मेजरवर येतो. बी मायनरचे स्वर आपल्या आसावरी थाटाचे, ग-ध-नी कोमल. ई मेजरमध्ये मात्र शुद्ध धैवत आहे, बाहेरचा. त्या आकड्यावर क्षणभर उजेड पडतो आणि पुढच्याच जी मेजरमध्ये कोमल धैवत येऊन तो मावळतो. हा बदल सगळ्याच कडव्यांत त्या जागी होतो, पण तिथे तो शब्दाला जाऊन भिडतो. गिटार घेऊन ए, ई, जी एवढेच तीन कॉर्ड सावकाश वाजवा, ऐकू येईल.

गाणं साडेसहा मिनिटांचं. शब्द संपल्यावर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांची गिटार दोनेक मिनिटं याच आठ कॉर्डांवर फिरत राहते आणि आवाज हळूहळू विरतो. रेकॉर्डवर शेवट नाहीच. पाहुणा अजून आत आहे.

म्हणूनच पुण्यातल्या कॉलेज गॅदरिंगमध्ये आणि पबमध्ये शेवटी झणकन बी मायनर वाजवून हात वर करतात, ते मला खपत नाही. तो कॉर्ड वाजला की पाहुणा सुटला. मास्तरांचं म्हणणं, लोकांना टाळी कुठे वाजवायची ते कळलं पाहिजे. माझं म्हणणं, मग दुसरं गाणं घ्या.

तुमच्या मित्रांच्या अफवांचं थोडक्यात: चर्च ऑफ सेटनची स्थापना अँटन लावेनं १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत केली, आणि ते चालायचं त्याच्या राहत्या घरातून, त्याचा या गाण्याशी काही संबंध नाही. गाण्यात लोक पोलादी सुऱ्यांनी एका 'पशू'ला भोसकतात पण तो मरत नाही, ते पाहून काही जण सैतान शोधतात. त्या 'स्टीली' सुऱ्या हा स्टीली डॅन या बँडला केलेला मैत्रीचा इशारा आहे, हे ईगल्सच्याच ग्लेन फ्रायनं सांगितलेलं आहे. स्टीली डॅननं १९७६मध्येच आपल्या एका गाण्यात ईगल्सचं नाव घेतलं होतं. पशू मरत नाही कारण तो त्या लोकांचीच हाव आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलोचं मनोरुग्णालय, ज्याच्यावर ही दुसरी अफवा बेतली आहे, खरोखर होतं, पण गाण्यात डॉक्टर, औषध, वॉर्ड यांतलं काहीही नाही. अल्बमच्या मुखपृष्ठावरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे, ती चित्रापुरती. मेक्सिकोतल्या तोदोस सांतोस गावातल्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' नावाच्या हॉटेलवर तर ईगल्सनी २०१७मध्ये खटला भरला होता.

इतर गाण्यांना हेच लावा: छापील शब्द घ्या, शब्दकोशातला साधा अर्थ आणि त्या काळातली बोली पाहा, बोलणारा कोण आणि कुणाशी हे ठरवा, गाणं आलं ते वर्ष पाहा, आणि मग मुख्य ओळ कुठल्या कॉर्डवर पडते ते वाजवून पाहा. कर्त्याची मुलाखत शेवटी. आधी वाचलीत तर गाण्यात तेवढंच दिसेल.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चाल आधी झाली, शब्द नंतर. फेल्डरनं कॉर्डांची फेरी टेपवर करून दिली होती, तेव्हा तिचं कामचलाऊ नाव 'मेक्सिकन रेगे' होतं, आणि ती ई मायनरमध्ये होती. हेन्लीच्या गळ्याला ती पट्टी जमेना म्हणून बी मायनरला आणली. त्यामुळे अडकलेला पाहुणा मनात धरून फेल्डरनं कॉर्ड रचले, असं मी म्हणत नाही. हेन्ली आणि फ्राय यांनी ती न संपणारी फेरी ऐकून तिच्यात शिरणारी गोष्ट लिहिली, असं मला वाटतं. आणि मंचावर फेड-आउट करता येत नाही, खुद्द ईगल्सनाही कुठेतरी थांबावं लागतं, हेही मान्य.

तरी तुम्ही वाजवत असाल तर गिटारीच्या दांड्यावरच्या सातव्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मूळ बारा तारांच्या गिटारीला तसाच आहे. बोटं ई मायनरच्या आकारात धरा: ई मायनर, बी सेवन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेवन. शेवटच्या फेरीत आवाज प्रत्येक जोडीला थोडा कमी करत न्या, शेवटचा बी सेवन वाजवा आणि तारांवर हात न ठेवता तो आपोआप विरू द्या.