सेकंड लाइफमध्ये नुसते कपडे, भटकंती आणि फोटो; यात लोकांचा इतका वेळ जातो कसा?

तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण दोन महिन्यांपासून रोज रात्री सेकंड लाइफवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या आभासी जगात, बसते. बाहुलीचे कपडे बदलते, कुठल्यातरी बेटावर जाते, फोटो काढते आणि झोपते. ना गुण मिळतात, ना कोणी हरतं. यात असतं काय, पैसे किती जातात, आणि तिथल्या बायका खरंच बायका असतात का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. बहिणीला विचारलं असतंत तर तिनंही सांगितलं असतं. पण तुमच्या प्रश्नाचा सूर बघता तिनं दार लावून घेतलं असेल.

मी नाशिकची. सिडकोत घरीच ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली तशी मशीनवर चादर पडली. भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिला आणि म्हणाला, मावशी, इथे कपड्यांचं बघायला खूप आहे. तेव्हापासून मी तिथे आहे. सीझनमध्ये आठवड्यातून एखादा दिवस, एरवी बऱ्याच रात्री.

आधी कपड्यांचं सांगते, माझा जीव त्यात आहे म्हणून. सेकंड लाइफ २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबनं सुरू केलं. पण तिथे दिसणारी बहुतेक घरं, झाडं, चपला, केस हे सगळं तिथे वावरणाऱ्या लोकांनीच बनवलेलं आणि एकमेकांना विकलेलं असतं. सुरुवातीला कपडा म्हणजे अंगावर रंगवलेलं चित्र. घेर हवा तर फ्लेक्सी प्रिम नावाच्या डुलत्या पट्ट्या कमरेभोवती लावायच्या; खाली बसलं की त्या मांडीतून आरपार जायच्या. जुन्या लोकांकडे त्या काळातले फोटो आहेत, बघून हसू येतं. २०११ मध्ये मेश आलं. म्हणजे कपडा त्रिमितीत घडवून अवताराच्या (तिथल्या आपल्या बाहुलीच्या) हाडांना बांधायचा. हात वर केला की बाही वर जाते, कारण बाहीच्या प्रत्येक बिंदूला आधीच सांगून ठेवलेलं असतं की खांद्याच्या हाडामागे इतकं जायचं आणि दंडाच्या हाडामागे इतकं. हे कळलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं, अरे, इथे कापड नाहीच आहे, नुसती बेतणी आहे.

आणि बेतणी आली की फिटिंगचं दुखणं आलंच. तिथे शरीरंही वेगवेगळ्या लोकांनी घडवलेली विकत मिळतात: मैत्रेया लारा, लेगसी, पुरुषांसाठी जियानी वगैरे. प्रत्येकाची छाती, कंबर, पाठ वेगळी. एकाचा कपडा दुसऱ्याला चालत नाही. ड्रेस घेतला की आत आठ-दहा शरीरांची आठ-दहा मापं निघतात, त्यातलं आपलं घालायचं. तरी कुठेतरी काखेतून नाहीतर पाठीतून अंग कपड्याबाहेर डोकावतंच. मग शरीराचा तेवढा तुकडा अदृश्य करायचा, त्याला अल्फा म्हणतात. आमच्याकडे गिऱ्हाईक जाड झालं तर उसवून शिलाई सोडतात. तिथे गिऱ्हाइकाचंच अंग काढून ठेवतात. इतकी सोय मला प्रत्यक्षात मिळाली असती तर दिवाळीच्या आदल्या रात्री मी झोपले असते.

माझी पहिली खरेदी ऐका. एक हिरवा गाउन घेतला. कपडा खोक्यात येतो, खोका जमिनीवर ठेवून उघडायचा असतो. मला माहीत नव्हतं. मी ‘घाला’ म्हटलं आणि तो खोका माझ्या हाताला चिकटला. दोन तास मी तो मिरवत फिरले. लोक वळून बघत होते, मला वाटलं गाउनकडे बघताहेत. शेवटी एका बाईनं खासगी निरोप पाठवून हळूच सांगितलं. खोका उघडला तर आत माझ्या शरीराचं मापच नव्हतं. दुकानदाराला लिहिलं, उत्तर आलं नाही. त्यानंतर डेमो घालून पाहिल्याशिवाय मी रुमालसुद्धा घेतलेला नाही. डेमो फुकट किंवा एका लिंडेन डॉलरला मिळतो, त्यावर मोठ्ठी पाटी लटकत असते, पण फिटिंग कळतं. बहिणीला एवढं एक जरूर सांगा.

पैशांचा हिशोब. तिथलं नाणं लिंडेन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला साधारण २५० च्या आसपास मिळतात. बऱ्याचशा ड्रेसची किंमत २०० ते ४०० लिंडेन डॉलरच्या दरम्यान असते. म्हणजे एक ड्रेस आमच्याकडच्या मिसळ-पावाच्या प्लेटच्या भावात पडतो. चांगलं शरीर आणि डोकं मात्र प्रत्येकी हजारो लिंडेन डॉलरना पडतं. (हो, डोकं वेगळं मिळतं.) खातं उघडायला काही लागत नाही, २०२३ पासून लिंडेन लॅबनं सेन्रा नावाचे मेशचे फुकट अवतारही दिलेत, आणि दुकानांच्या ग्रुपमध्ये सामील झालं की भेटवस्तू मिळतात. त्या हिरव्या गाउननंतर मी वर्षभर एक पैसा घातला नाही. पैसे जातात ते एका ड्रेसमध्ये नाही, ‘आज शेवटचा दिवस’ म्हणणाऱ्या सेलमध्ये. मेनरोडला जे होतं तेच.

भटकंतीबद्दल तुम्ही ‘कुठल्यातरी बेटावर’ असं लिहिलंय, ते मला जरा लागलं. तिथली जमीन २५६ मीटर बाय २५६ मीटरच्या चौकोनांची आहे, त्याला रीजन म्हणतात. अनेक रीजन एकाला एक जोडून खंड झालेत. सान्सारा सर्वांत जुना. हेटेरोसेरा नावाच्या खंडावर रेल्वेचे रूळ टाकलेत. स्टेशनवर गाडी काढायची आणि डोंगर, पूल, लोकांची परसदारं बघत जायचं. नाशिकरोडला लहानपण गेलेल्या बाईला याहून काय हवं? ब्लेक सी नावाचा समुद्र आहे, तिथे शिडाच्या होड्या चालतात. एका रीजनमधून दुसऱ्यात जाताना कधीकधी होडी पुढे जाते आणि तुम्ही पाण्यात राहता, ते हसत घ्यायचं. २०१९ पासून बेलिसेरिया झालंय, लिंडेन लॅबनं आखलेली घरांची वस्ती. रस्ते, कालवे, हाउसबोटी. तिथे उगाच पायी हिंडायला मला फार आवडतं.

खासगी जमिनींवर मात्र काहींनी पहारा बसवलेला असतो. दहा सेकंदांत निघा अशी सूचना येते, नाही निघालात तर थेट आपल्या घरी फेकले जाता. आमच्या कॉलनीचा वॉचमन त्यापुढे देवमाणूस.

एक गोष्ट मात्र मला अजून विचित्र वाटते. तिथला समुद्र बहुतेक ठिकाणी २० मीटर उंचीवर असतो आणि एरवी त्याला भरती-ओहोटी नाही. गंगेवर वाढलेल्या माणसाला पाणी वाढत नाही हे पटत नाही. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) पावसाळ्यात पूर किती हे आम्ही दुतोंड्या मारुतीवरून मोजतो, कमरेला लागलं, छातीला लागलं. सेकंड लाइफमधल्या एका घाटावर मी जुलैत उभी होते आणि पायरीवरच्या पाण्याकडे बघत राहिले. हललंच नाही.

दिवसही तिथला वेगळा. मूळ सेटिंगमध्ये चार तासांचा एक दिवस: तीन तास उजेड, एक तास रात्र. घड्याळ मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. त्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम आपल्याकडे सकाळी येतात. म्हणून माझ्या नाचगाण्याच्या मैफिली कुकरच्या शिट्ट्यांबरोबर झाल्यात.

आता फोटो. तुमच्या बहिणीचे तास इथेच जात असणार, आणि हे बाहेरून सर्वांत निरर्थक दिसतं हे मला मान्य आहे. तिचा अवतार फक्त उभा आहे आणि ती तासभर पडद्याकडे बघतेय. ती काय करतेय सांगते. पहिलं, सूर्य हलवतेय. आकाश, ढग, पाणी, सूर्याचा कोन हे सगळं प्रत्येकाला आपल्यापुरतं बदलता येतं. शेजारी उभ्या माणसाकडे भर दुपार असते आणि तुमच्याकडे तिन्हीसांजा. दुसरं, ती नजर लावतेय. अवताराचं डोकं आणि डोळे माउसच्या मागे फिरतात. शटर दाबायला माउस कोपऱ्यात नेला की बाई पण कोपऱ्यात बघते. नवशिक्यांच्या निम्म्या फोटोंत बायका तिरक्या बघतात त्या यामुळे. तिसरं, लेन्स. कॅमेरा मुळात वाइड असतो, जवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे. कंट्रोल दाबून शून्याचं बटण दाबत राहायचं, दृश्य आवळतं, मग ऑल्ट धरून कॅमेरा मागे न्यायचा. चेहरा माणसाचा दिसायला लागतो. कंट्रोल आणि नऊ दाबलं की पूर्ववत. हे मला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्यानं समजावलं. त्यानं सेकंड लाइफ कधी पाहिलंही नव्हतं, नुसतं पडद्याकडे बघून म्हणाला, ताई, लेन्स चुकलीय.

हातांची गोष्ट वेगळीच. २०१६ च्या अखेरीला बेंटो नावाचा बदल आला तेव्हा अवताराच्या बोटांना आणि चेहऱ्याला हाडं मिळाली. त्याआधी पंजा फळ्यासारखा. आता पोझ विकणारे बोटांचा बाक वेगळा बसवतात. पण दागिना धरलेला हात, पदर सावरलेला हात, हे अजून हवं तसं मिळत नाही.

लॅपटॉप साधा असला तरी चालतो, फक्त हिंडताना सावल्या बंद ठेवायच्या, ड्रॉ डिस्टन्स (किती लांबवरचं दिसावं ते) ६४ मीटरवर आणायचं, आणि फोटोच्या क्षणी सगळं वर न्यायचं. पंखा विमानासारखा ओरडतो. गर्दीत गेलात तर जड अवतार नुसते एकरंगी पुतळे दिसतील, त्यांना जेली डॉल म्हणतात. तुमचं यंत्र वाचवायलाच ती सोय आहे. फायरस्टॉर्म नावाचा व्ह्यूअर, म्हणजे ते जग बघायचा प्रोग्राम, घ्या, त्यात फोटोसाठी वेगळी खिडकी आहे.

तिसरा प्रश्न, बायका खरंच बायका असतात का. काही असतात, काही नसतात, आणि मी विचारत नाही. आम्हा नाशिककरांनी तर विचारूच नये. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते ते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा पुरुष. लोकांनी तारामतीच बघितली. हां, पैसे मागणारा, घरचा पत्ता विचारणारा, लगेच दुसऱ्या अ‍ॅपवर बोलूया म्हणणारा, मग तो बाईच्या रूपात असो की बाप्याच्या, त्याला ब्लॉक करायचं. आणि घरात कोणी १८ च्या खालचं असेल तर त्यांना सगळीकडे जाता येत नाही, प्रौढांसाठीच्या जागा वेगळ्या आहेत.

आता माझ्या वेळेचं. मी दोन वर्षं एक पैठणी करतेय. तिथे साड्या मिळतात, पण मला हवी तशी नऊवारी सापडली नाही. घडवता मला येत नाही, म्हणून फुल पर्म मेश घेतलं. म्हणजे कोणीतरी बेतून दिलेला कपडा, त्यावर आपलं डिझाइन चढवायचं. आमच्या भाषेत तयार अस्तर. येवला आमच्याच जिल्ह्यात. आईच्या जुन्या पैठणीचा पदर भाच्याकडून स्कॅन करून घेतला, मुनिया, मोर, नारळी काठ सगळं. चित्र चढवायला १० लिंडेन डॉलर पडले. चढवलं आणि डावीकडचे मोर उलटे. पाय वर, तुरा खाली. मेशचा नकाशा (चित्राचा कुठला भाग कपड्यावर कुठे बसायचा ते) जिथे दुमडतो तिथे त्या घडवणाऱ्यानं अर्धा पदर फिरवून मांडला होता. आणि दुसरं म्हणजे, हातमागाची खरी पैठणी उलट-सुलट दोन्हीकडून सारखी दिसते, तीच तिची ओळख. तिथे मेशचा पृष्ठभाग एकाच बाजूनं दिसतो, मागची बाजू मुद्दाम करावी लागते. माझ्या त्या मेशला ती नव्हती. मागून बघितलं की पदर गायब, नुसती पाठ.

तरी फोटो काढलाय. समोरून, उजव्या बाजूनं, सूर्य खाली आणून, डावा खांदा अंधारात ठेवून. एका जपानी दिसणाऱ्या अवतारानं निरोप पाठवला की किनार कुठे मिळेल. मी म्हटलं, येवल्याला.

सध्या तुळशीचं लग्न झालंय, ब्लाउजांची रांग लागलीय, चाळीस तरी असतील. डावे मोर अजून उलटेच आहेत.