बॉल पायथन शिट्टीसारखा श्वास घेतोय: आधी डॉक्टर, मग टाकीची ऊब

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. न्यू जर्सीतलं घर, रात्री हीटिंग ६५ फॅरनहाइटवर, मुलाचा दीड वर्षाचा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) चार दिवसांपासून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज काढतोय, काल नाकपुडीवर बुडबुडा दिसला. दमटपणामुळे सर्दी झाली असं समजून तुम्ही पाण्याचं भांडं काढलंत. भांडं आत्ताच परत ठेवा. आणि उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या. कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर साप बघत नाहीत, तेव्हा फोनवरच तेवढं विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

नुसता आवाज असता तर मी एवढी घाई करायला सांगितली नसती. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा नाकपुडीतली सुटलेली कात अडकूनही शिट्टी वाजते आणि कात निघाली की आवाज थांबतो. पण बुडबुडा आला म्हणजे आत पाणी साचतंय. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. तो बरगड्यांच्या स्नायूंवर श्वास घेतो आणि खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही, त्यामुळे साचलेलं आतच राहतं. पुढे तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, तोंडात तार धरणारी चिकट लाळ, आणि डोकं वर करून काचेला टेकून बसणं सुरू होतं. तसं धरलं की त्याला श्वास जरा सोपा जातो. माझा साप असा बसलेला बघून माझी मुलगी म्हणाली होती, 'बाबा, ती खिडकीतून बर्फ बघतेय.' दोन दिवस आम्ही कौतुकानं फोटो काढले. ते दोन दिवस वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ऊब. बॉल पायथन घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. तिथे दिवसाचा बराच वेळ तो उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत काढतो. बीळ उबदार असतं आणि दमटही, आणि तुम्हाला टाकीत तेच उभं करायचंय. एका टोकाच्या लपणीत (लपायच्या जागेत) ८८ ते ९२ अंश फॅरनहाइट, दुसऱ्या टोकाला ७६ ते ८०, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येईल. तुम्ही लिहिलंत की काट्यावर ८२ दिसतं, मग थंडी कुठून? तो काटा काचेला वरच्या बाजूला चिकटवलेला आहे. तिथली हवा आणि सापाचं पोट टेकतं ती जागा यांत दहा-दहा अंशांचा फरक पडतो. प्रोबवाला, म्हणजे तारेच्या टोकाला तापमापक असलेला, डिजिटल थर्मामीटर घ्या, एक प्रोब गरम लपणीत जमिनीलगत आणि दुसरा थंड टोकाला. पहाटे पाच वाजता उठून एकदा आकडे बघा. खोली ६५ वर असेल तर खरा घोळ तेव्हाच दिसतो. सापाचं रक्त बाहेरच्या उबेवर चालतं, त्याची रोगाशी लढायची ताकदही. रोज रात्री टाकी सत्तरीच्या खाली जात असेल तर कितीही औषध दिलं तरी तो मागे पडतो.

हीट मॅट (टाकीखालची तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरावीक उबेला वीज बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, एक तासही चालू ठेवू नका. माझ्या पहिल्या सापाच्या पोटाचे खवले मी असेच भाजले. चटका बसला तरी साप जागचा हलतोच असं नाही. शिवाय मॅट फक्त जमीन तापवते, थंडीतली हवा तिला पेलत नाही. हवेसाठी वरून सिरॅमिक हीटर लावा, तोही थर्मोस्टॅटवर आणि सापाला विळखा घालता येणार नाही असा जाळीआड. रात्री लाल दिव्याची गरज नाही.

सिरॅमिकनं हवा कोरडी पडते, म्हणून दमटपणा ६० ते ७० टक्के राखावा लागतो. सापाला आजारी पाडतं ते थंड आणि ओलं एकत्र आलं की. उबदार दमटपणा त्याला हवाच असतो, कोरड्या हवेत उलट श्वासनलिका सुकते. खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे चार बोटं भरा, पाणी कोपऱ्यातून ओता, वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे. जाळीच्या झाकणाचा हीटरपासून लांबचा भाग फॉइलनं झाका.

सासूबाईंनी सुचवलेला वाफारा, निलगिरी, बाम यांतलं काहीही नको. त्यांची काळजी खरी आहे, पण उग्र वासानं त्याची फुप्फुसं आणखी चिडतील. टाकी स्वयंपाकघराशेजारी असेल तर हलवा. फोडणीचा ठसका आणि उदबत्तीचा धूर त्याच्यापर्यंत जायला नको.

नोव्हेंबरात आणलेलं दुसरं पिल्लू त्याच टाकीत आहे, ही गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला मात्र तीच सर्वांत जास्त खटकली. आज वेगळं करा. पाण्याची भांडी आणि चिमटे वेगळे ठेवा, हात धुवा. बॉल पायथनांत निडोव्हायरस नावाचा विषाणू २०१४ साली ओळखला गेला. तोही असाच छातीत बसतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांना त्याची तपासणी करायला सांगा. खवल्यांखाली काळे बारीक ठिपके हलताना दिसले, तर तेही सांगा. ते गोचिडीच्या जातीचे किडे असतात.

बहुधा डॉक्टर तोंडातला स्वॅब घेतील. माझ्या सापाला सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं होती, दर ७२ तासांनी एक. आवाज तिसऱ्या इंजेक्शनला थांबला तरी आम्ही कोर्स पुरा केला. डोस मात्र सापाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरच ठरवतील. तोवर खायला देऊ नका. श्वासाची मारामार असताना उंदीर पोटात गेला तर उलटून येण्याची भीती असते.

वीज गेली तर काय, हेही तुम्ही विचारलंत. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे २३ फॅरनहाइट होतं आणि आमच्याकडे सहा तास वीज नव्हती. आमच्या सापाला, सोनाला, उशीच्या अभ्र्यात घालून थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं, बाजूला टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, झाकणाला भोकं. बाटल्या दर दीड तासानं बदलल्या, पाणी गॅसवर तापवून.

पुण्याहून ज्यांनी खाली 'आपल्याकडे पाळता येईल का' असं विचारलंय त्यांना एवढंच: धामण, अजगर असे आपले साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, ते घरात ठेवता येत नाहीत. परदेशी बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

ताई, उद्या जाताना तसाच अभ्रा आणि तसंच खोकं वापरा, गाडी आधी दहा मिनिटं तापवून घ्या. आवाजाचा व्हिडिओ आजच काढा, डॉक्टरांसमोर साप हटकून गप्प बसतो. आणि पहाटेचे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या.