छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा : ‘फायनलाइझ’ दाबायचं की नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते. वडिलांनी २००७ च्या आसपास घेतलेला डिस्कवाला व्हिडिओ कॅमेरा कपाटात सापडला, सोबत डबाभर छोट्या डिस्क आहेत. काही डिस्क प्लेअरवर चालतात, काही कॉम्प्युटरला कोऱ्या दिसतात. त्याच कोऱ्या डिस्क कॅमेऱ्यात घातल्या की ताईचं लग्न व्यवस्थित दिसतं. मेनूत ‘फायनलाइझ’ असा पर्याय येतो, पण तो दाबला तर सगळं पुसलं जाईल अशी धास्ती आहे. आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला हाच कॅमेरा न्यायचा विचार आहे.

यात्रेला नेऊ नका. का ते पुढे सांगतो, आधी डिस्क वाचवू.

फायनलाइझ बिनधास्त दाबा, त्याने काही पुसलं जात नाही. पुसतो तो ‘फॉरमॅट’. मेनू करणाऱ्यांनी हे दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवलेत, त्यामुळे तुमच्यासारखे कितीतरी लोक वर्षानुवर्षं घाबरून राहिले. होतं काय, की कॅमेरा चित्रण डिस्कवर लिहितो, पण कुठून कुठपर्यंत काय आहे याची प्लेअरला समजेल अशी यादी तो लगेच लिहीत नाही. रोजमेळ लिहिलाय पण खतावणी बाकी आहे, असं समजा. ज्याने लिहिलं त्याला त्यातलं सापडतं, बाहेरच्याला वही कोरी वाटते. फायनलाइझ म्हणजे ती खतावणी.

हे काम त्याच कॅमेऱ्यात करा, आणि बॅटरीवर नको, अ‍ॅडॉप्टर लावून. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवरच्या सॉकेटला लावा. कॅमेरा टेबलावर सपाट ठेवा आणि काम होईपर्यंत हलवू नका. एक विचित्र गोष्ट लक्षात असू द्या : डिस्कवर चित्रण जितकं कमी, तितका वेळ जास्त लागू शकतो. पाच मिनिटांचा वाढदिवस असलेली डिस्क तासभर अडकून बसली तर कॅमेरा बिघडला असं समजून बटण दाबू नका. लाल दिवा चालू आहे तोवर हात लावायचा नाही, एवढंच.

डिस्कच्या छापील बाजूला प्रकार लिहिलेला असतो, तो बघा. डीव्हीडी-आर असेल तर फायनलाइझ झाल्यावर तिच्यावर पुढे काही भरता येत नाही. तुम्हाला भरायचंही नाही, तेव्हा प्रश्न मिटला. डीव्हीडी-आरडब्ल्यू असेल तर ती ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हीआर’ यांपैकी एका पद्धतीने भरलेली असेल. व्हीआरची डिस्क फायनलाइझ करूनही घरातल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. म्हणून ती खराब झाली असं नव्हे. कॉम्प्युटरवर तिच्यात ‘डीव्हीडी आरटीएव्ही’ नावाचं फोल्डर आणि एक व्हीआरओ फाइल दिसते. ती हार्ड डिस्कवर कॉपी करून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. डीव्हीडी+आरडब्ल्यू मात्र बहुतेक वेळा फायनलाइझ न करताही प्लेअरवर चालते.

एक धोका फारसं कोणी सांगत नाही. फायनलाइझ न झालेली डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली की विंडोज काही वेळा विचारतो, ही डिस्क कशी वापरायची, पेन ड्राइव्हसारखी की प्लेअरसाठी? त्याला ती कोरी वाटत असते. दोन्ही नको, खिडकी बंद करा आणि डिस्क बाहेर काढा. घरातल्या पोरांनी उगाच ‘ओके’ दाबायला नको.

कॅमेऱ्याने एखादी डिस्क वाचलीच नाही, तर आधी ती पुसून बघा. मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. चष्म्याचं कापड घ्या, आपला सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी तो इथे चालत नाही. तरीही जमलं नाही तर त्याच कंपनीचा, जवळच्या मॉडेलचा कॅमेरा कुणाकडे मिळतो का ते पाहा. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात फायनलाइझ करायला जाऊ नका. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर साध्या डीव्हीडी ड्राइव्हमधून अशा अर्धवट डिस्क वाचू शकतं, तो शेवटचा उपाय.

ड्राइव्ह ट्रेवाला किंवा लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा, डिस्क मधोमध टच्‌कन बसते तसा घ्या. जुन्या आयमॅकला किंवा गाडीच्या स्टिरिओला फट असते, तिच्यात ८ सेंटिमीटरची डिस्क घालू नका, आत अडकेल.

कॉपी करताना ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर जसंच्या तसं उचला. आत व्हीओबी फाइली असतात. एक फाइल १ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून एका डिस्कच्या दोन झाल्या तर गोंधळू नका. जोडायच्या असतील तर मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर दर्जा न घालवता जोडतं. दुकानात दिलं तर ‘एमपी फोर करून द्या’ एवढंच सांगू नका, मूळ फोल्डरही मागून घ्या. हे चित्रण ५७६ ओळींचं, इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन हप्त्यांत घेतलेलं असतं. माणूस हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. व्हीएलसीत डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात, पण घाईने रूपांतर केलेल्या फाइलमध्ये त्या कायमच्या बसतात.

आता यात्रेचं. १.४ जीबीच्या डिस्कवर उत्तम दर्जात साधारण २० मिनिटं मावतात, मध्यम दर्जात ३०, अगदी खालच्या दर्जात ६०. नंदीध्वजांची मिरवणूक विसाव्या मिनिटाला थांबणार आहे का? डिस्क बदलायची तर झाकण उघडा, नवी घाला, कॅमेरा तिला ओळखेपर्यंत ताटकळा, तोवर समोरचे नंदीध्वज पुढे निघून गेलेले असतात. मिनिटं वाचवायला खालचा दर्जा लावला तर अक्षता सोहळ्याची गर्दी आणि दारूकामाच्या ठिणग्या यांचे नुसते चौकोन दिसतील. एका फ्रेममध्ये इतकं काही हलत असलं की तेवढ्या डेटात एमपेग-२ ला, म्हणजे चित्र दाबून बसवायच्या या कॅमेऱ्याच्या पद्धतीला, ते पेलत नाही. त्यात आत डिस्क फिरत असते, तिला धक्का सहन होत नाही, आणि गर्दीत धक्के चुकत नाहीत. बॅटरी उतरली तर बऱ्याच मॉडेलांचं झाकणसुद्धा उघडत नाही. तसं झालं तर पेचकस घालू नका, अ‍ॅडॉप्टर लावा.

असला कॅमेरा काढलाच कशाला, असं वाटेल. २००० मध्ये हिताचीने पहिला आणला. या कॅमेऱ्यांमागची कल्पना आकर्षक होती : शूट करा आणि तीच डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घाला. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर तासाला तास बसावं लागायचं. घरच्या माणसाला हे सोपं वाटणं साहजिक होतं, तुमच्या वडिलांची निवड मुळीच चुकीची नव्हती. मी लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग करायचो तेव्हा मिनीडीव्ही कॅसेटच वापरल्या, कारण त्यात सलग ६० मिनिटं मिळायची आणि सेकंदाला २५ मेगाबिटचं चित्र यायचं. डिस्कवाला कॅमेरा उत्तम दर्जातही ९ च्या आसपास थांबतो. यात्रेला मोबाइल न्या. हा कॅमेरा घरातच, डिस्क वाचायचं यंत्र म्हणून ठेवा.

बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, काढून बाजूला ठेवा. डिस्क पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर असतील तर आजच खाली आणा. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखाली त्याहून वाईट अवस्था असते, आणि डिस्कमधला, चित्रण ज्यावर लिहिलं जातं तो थर उष्णतेने खराब होतो. वर स्टिकर चिकटवलेले असतील तर ओढून काढू नका.

डिस्कवर छापलेला प्रकार आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला मॉडेल क्रमांक इथे लिहा. ज्या डिस्क कॅमेरासुद्धा वाचत नाही त्या वेगळ्या काढा, त्यांचं काय करायचं ते मग बघू.