फोन नवा, सिम जुनंच ठेव

नवा फोन घेतलास म्हणून नवं सिम घ्यायची काहीच गरज नाही. नंबर असतो सिममध्ये, फोनमध्ये नव्हे. आधी जुना फोन बंद कर, मग पिनेने ट्रे काढ.

खरी अडचण असते आकाराची. आताच्या फोनना नॅनो सिम लागतं, 12.3 बाय 8.8 मिलिमीटरचं. जुन्या बटणवाल्या फोनमधलं मोठं सिम कात्रीने कापू नकोस, बाबा. मी गोव्यात म्हापशाच्या बाजारात एकदा कापून घेतलं, सोनेरी भागाची कड गेली आणि सिम कायमचं मेलं. त्यापेक्षा आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जा, त्याच नंबरचं नवं सिम मिळतं. मात्र त्यानंतर 24 तास एसेमेस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. चतुर्थीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हे काम काढू नकोस.

जुनंच सिम घातलंस तर त्यात साठवलेले नंबर सोबत येतात, पण दुकानातून बदलून घेतलेल्या सिममध्ये ते येत नाहीत, आणि फोनमध्ये साठवलेले तर येतच नाहीत. ते आधी गुगल खात्यावर चढव. व्हॉट्सअॅपचा बॅकअपही जुना फोन हातात असतानाच घे. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा जोडावं लागतं, तेव्हा त्याच सिममधून एसेमेस जातो, म्हणून थोडा बॅलन्स ठेव.

आपल्याकडे पावसात सगळ्यालाच ओल लागते. सिम घालण्यापूर्वी सोनेरी बाजू कोरड्या सुती कपड्याने हलकेच पूस. सिमला पिन, म्हणजे ते उघडायचा गुप्त आकडा, लावला असेल तर तीनदा चुकवू नकोस, मग पीयूके म्हणजे कंपनीकडून मिळणारा सुटकेचा आकडा मागतं. तोही दहादा चुकला की सिम बाद.